दहाव्याचा फोटो

“इथे सही कर. तारीख मोकळी सोड, मी भरतो नंतर.”

“किती आहेत रे?”

“वीस. दर वेळी तुझ्या मागे कोण लागणार? एकदाच करून टाक.”

मी कणीक मळत होते. हात धुतले, पदराला पुसले आणि ओट्यावरच वीस कागदांवर वीस सह्या ठोकल्या. वाचला त्यातला एकही नाही. मी बी. ए. झालेली, तीही इंग्रजी घेऊन, गल्लीतल्या बायकांना बँकेचे फॉर्म भरून देणारी! त्यांना बजावून सांगायची, वाचल्याशिवाय सही करू नका गं. आणि नवऱ्याने कागद पुढे केला तर वर थट्टा करत होते, “माझी जमीनबिमीन लिहून घेत नाहीस ना?”

“तुझ्या नावावर जमीन कुठाय?” जयवंत हसला. “हे मॉडेलचे कागद आहेत. फोटोत ज्याचा चेहरा दिसतो त्याची संमती लागते. त्याशिवाय ते लोक फोटो घेत नाहीत.”

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. इस्लामपूरच्या स्टँडजवळ आमचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, पासपोर्ट, शाळांचे ग्रुप फोटो यावर आमचं बरं चाललं होतं. मग ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओत माणूस यायचा तो लाइटबिलाची झेरॉक्स मिळेल का विचारायला. जयवंतचे दोन कॅमेरे आणि लग्नात लांबून फोटो काढायची ती भलीमोठी लेन्स कपाटात पडून. अशात त्याला कुणीतरी सांगितलं की परदेशातल्या वेबसाइटी आहेत, त्यांच्यावर आपले फोटो टाकून ठेवायचे. ज्याला जाहिरातीला, पुस्तकाला पाहिजे तो विकत घेतो. एकच फोटो शंभर जण घेतात आणि दर वेळी आपल्याला थोडे थोडे मिळतात.

“नवीन काही घ्यायला नको,” जयवंत म्हणाला. “कॅमेरे घरात आहेतच. आणि इंग्रजी तुझं आहे.”

इंग्रजी माझं म्हणजे काय, तर प्रत्येक फोटोला चाळीस-पन्नास शब्द जोडायचे. गिऱ्हाईक शब्द टाकून फोटो शोधतं. हळदीचा फोटो असेल तर हळद, पिवळा, मसाला, भारत, स्वयंपाक, औषध. ते मी करायचं. फोटो त्याने काढायचा. आणि चेहरा लागला तर तोही माझाच, कारण फुकट दुसरं कोण मिळणार?

खरं सांगते, ते पहिले तीन-चार महिने मला फार आवडले होते. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं मिळून एक काम करत होतो. आमची मुलगी शाळेत गेली की जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरायची, ऊन मऊ पडावं म्हणून खिडकीला बटर पेपर लावायचा आणि एकेक जिन्नस मांडायचा. पहिली खेप मी पुरणपोळीची केली. तूप सोडलेली पोळी, शेजारी स्टीलच्या वाटीत दूध, असा देखणा फोटो. तर तो परत! कारण काय, तर वाटीवर अक्षरं आहेत. घरातलं एकेक भांडं काढून बघितलं, सगळ्यांवर नाव घातलेलं. कुठे सासूबाईंचं, कुठे “यांजकडून सप्रेम भेट”, तळाला तारीख. त्या गोऱ्यांना वाटत असणार की ही कंपनीची जाहिरात आहे. आम्ही दोघं पोट धरून हसलो. शेवटी शेजारच्या मालनवहिनींकडून नाव न घातलेल्या वाट्या आणाव्या लागल्या.

घरातल्या एकाही भांड्यावर माझ्या माहेरचं नाव नव्हतं, हे मात्र त्या दिवशी मला नव्याने टोचलं. असणार कसं? जयवंत माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात फोटो काढायला आला होता. त्यातून ओळख झाली आणि वर्षभरात आम्ही रजिस्टर लग्न केलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या दिवसापासून माझं नाव टाकलं. कराड आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, पण अकरा वर्षं मी त्या घराचा उंबरा पाहिला नाही. आई कधीतरी शेजाऱ्यांच्या फोनवरून बोलायची, तेही घाईघाईने, दोन वाक्यं. बाळंतपणसुद्धा माझं सासरीच झालं. दुसऱ्या बायका माहेरी निघाल्या की मी खिडकीतून आत यायची.

आणि त्याच थंडीत अण्णा गेले. भावाचा, शशिकांतचा, फोन आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. “दहाव्याला ये वाटलं तर,” एवढंच तो म्हणाला.

मी आणि जयवंत कराडला संगमावर गेलो, त्याच्या खांद्याला त्याची नेहमीची पिशवी. मी खाली गेले नाही. घाटाच्या वरच्या पायरीवर झाडाखाली उभी राहिले, परक्यासारखी. खाली शशीने पिंड ठेवले. सगळे बाजूला झाले आणि कावळ्याची वाट बघत बसले. झाडावर कावळे ढिगाने होते, पण एक खाली येईल तर शपथ. शशी हात जोडून एकेक कबूल करत होता. आईला सांभाळीन. शेत मोडणार नाही. तासभर झाला. गुरुजी घड्याळ बघायला लागले, दर्भाचा कावळा करून उरकावं म्हणाले. कुणीतरी म्हातारं माणूस बोललं, “अरे, जीव लेकीत अडकला असंल त्याचा.”

तेव्हा शशी पायऱ्या चढून वर आला. अकरा वर्षांनी माझा भाऊ माझ्यासमोर उभा होता, आणि त्याचे केस पांढरे व्हायला लागलेले.

“आक्का, तू ये,” तो म्हणाला.

जयवंतने पाठीवर हात ठेवला. हळूच म्हणाला, “जा. आणि सावलीत थांबू नकोस हं. पुढे उन्हात जा, पाण्याकडे तोंड करून. म्हणजे दिसशील अण्णांना.”

मी गेले. उन्हात उभी राहिले. ठरवून काही आले नव्हते, तोंडातून आपोआप निघालं, “अण्णा, चुकलं माझं. तुम्हाला न सांगता गेले ते चुकलं.” मग नुसतं हुंदक्यांवर हुंदके. आणि कावळा आला हो. माझ्यापासून चार हातांवर उतरला आणि पिंडाला शिवला. शशीने मला मिठी मारली. वर पाहिलं तर जयवंत पायऱ्या उतरत होता, डोळे पाणावलेले. त्याने येऊन माझा कोपर धरला.

त्या दुपारी मी माहेरी जेवले. आईने माझं ताट स्वतः वाढलं. मला अण्णांचं दुःख होतं, पण लाज सोडून सांगते, आनंदही होता. घरी परत येताना मी जयवंतला म्हणाले, “उन्हात जा म्हणालास ना, ते कुणाला सुचलं नसतं.” त्याने तोंड दुसरीकडे वळवलं. मला वाटलं, भरून आलं असेल.

पुढचे पाच महिने मला माहेर होतं. आई रोज फोन करायची. लोणचं, सांडगे, मुलीला परकर-पोलकं, काय काय पाठवायची. शशीची बायको “वन्सं, मे महिन्यात आठ दिवस राहायला यायचं” म्हणून मागे लागलेली. मी बॅगसुद्धा काढून ठेवली होती.

एप्रिलच्या एका रविवारी शशी आला. न कळवता, स्कूटरवरून, कराडहून थेट. मला इतका आनंद झाला की मी दारातच ओरडले, “अगं बाई, आज सूर्य कुठे उगवला!” तो चप्पल काढून आत आला पण बसला नाही. जयवंत कॉम्प्युटरवर होता.

“दाजी, तुम्ही पण या इकडे,” शशी म्हणाला आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

पेपरात घालून वाटतात तसलं चकचकीत पत्रक होतं, विम्याचं. वर मोठ्या अक्षरात, “ते गेल्यावर हिचं काय?” आणि खाली एक बाई. हात जोडलेले, गालावर पाणी, मागे नदीचं चकाकतं पाणी. तोंड वेडंवाकडं झालेलं, रडताना होतं तसं. मला क्षणभर ओळखूच आली नाही. कपाळ मोकळं होतं ना तिचं. गळाही मोकळा.

मग साडी ओळखली.

“कराडात घरोघरी गेलंय हे,” शशी म्हणाला. “आईने सकाळी पेपर उघडला तर मांडीवर हे पडलं. तेव्हापासून बसून आहे. चहासुद्धा घेतला नाही तिने. गल्लीतली एक बाई येऊन विचारून गेली, तुमचा जावई गेला का म्हणून.”

मी जयवंतकडे बघत होते. माझी टिकली. दहाव्याला मी बारीक टिकली लावली होती, मंगळसूत्र घातलं होतं. मला पक्कं आठवत होतं.

“दाजी, हा फोटो तुम्ही काढला?”

“हो,” जयवंत म्हणाला.

“माझ्या बापाच्या दहाव्याला?”

“शशी, तू आधी बस. हे बघ, ही कंपनी मला माहीत नाही. फोटो साइटवर असतो, कोण घेतं ते आपल्याला कळत नाही...”

“मी वकिलाकडे जाणार आहे,” शशी म्हणाला. त्याचा आवाज वाढला नव्हता, तेच जास्त भीतीदायक होतं. “माझ्या बहिणीचा असला फोटो तिला न विचारता विकता काय? सोडणार नाही मी तुम्हाला.”

म्हणजे तो माझ्या बाजूने आला होता. माझ्यासाठी भांडायला आला होता माझा भाऊ! त्या सगळ्या धक्क्यात मला एवढं मात्र कळलं आणि बरं वाटलं.

जयवंतचा चेहरा पांढरा पडला. तो उठला, कपाटातून फाइल काढली, पानं उलटली आणि एक कागद शशीच्या हातात दिला.

“न विचारता कसं विकीन?” तो म्हणाला. “तिला माहीत होतं. ही बघ सही.”

शशीने कागद वाचला. त्याला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, शब्दावर बोट ठेवून वाचत होता. शेवटी ते बोट खाली थांबलं.

“आक्का, ही तुझी सही?”

“सही माझी आहे, पण...”

“तारीख दहाव्याची आहे.”

मी कागद ओढून घेतला. खरंच, जयवंतच्या अक्षरात, त्या दिवसाची तारीख भरलेली. साक्षीदार म्हणून खाली त्याचीच सही.

“शशी, ऐक माझं. मी कोऱ्या कागदांवर सह्या केल्या होत्या. आधीच. महिनाभर आधी. अहो, सांगा ना त्याला!” चारचौघांत मी जयवंतला अहो म्हणायची. त्याने मान वर केली नाही. मग माझं भान सुटलं. “जयवंत, सांग त्याला! मला माहीत होतं का? बोल की! दातखीळ बसली का तुझी?”

तो टेबलावरचं पत्रक सरळ करत राहिला. मी वाट बघितली. बराच वेळ बघितली. शशीपण बघत होता. जयवंतने एक शब्द बोलायचा होता, “नव्हतं”, एवढाच. तो बोलला नाही.

“कोऱ्या कागदावर कोण सही करतं आक्का?” शशी म्हणाला. “तू शिकलेली आहेस.”

“केली रे मी. देवाशपथ केली.”

“आम्हाला वाटलं तू अण्णांसाठी रडतेस.” त्याने चप्पल पायात सरकवली. “कावळासुद्धा फसला. मे महिन्यात येऊ नकोस. वर्षश्राद्धालाही नको. आईला मी काय सांगायचं ते सांगतो.”

स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. मी दारापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले. काय धरून थांबवणार होते त्याला?

मग आत आले आणि कॉम्प्युटरसमोर बसले. जयवंत “हेमा, हेमा” करत होता, मी लक्ष दिलं नाही. आमच्या दोघांच्या खात्यात तो फोटो नव्हताच. ते मी रोज बघायची. दुसऱ्या एका साइटवर त्याने एकट्याचं खातं उघडलं होतं, आणि तिथे तो एकच फोटो होता. त्याला शब्दही त्यानेच जोडले होते. दुःख, नदी, भारतीय, गरीब, एकटी. आणि सगळ्यात पहिला शब्द, विधवा. समोर धडधाकट उभ्या असलेल्या माणसाने मला विधवा लिहिलं होतं.

मग मी मूळ फोटो शोधले. एकेचाळीस होते. पहिल्यात मी शशीच्या मागून पायऱ्या उतरतेय. दुसऱ्या-तिसऱ्यात सावली आहे, माझा चेहरा काळा आलाय. चौथ्यापासून मी उन्हात आहे. पाण्याकडे तोंड. तिथून पुढे लेन्स जवळ जवळ येत गेलीय, हात, खांदे, मग नुसता चेहरा. तेविसाव्यात ओठ उघडे आहेत, “चुकलं” म्हणताना. मी अण्णांशी बोलत होते तेव्हा हा फोकस लावत होता. एकेचाळिसाव्यात शशीच्या मिठीत मी, आणि त्यानंतर कॅमेरा पिशवीत घालून तो डोळे पुसत खाली आला असणार.

सगळ्या फोटोंत टिकली होती, मंगळसूत्रही.

“टिकली तू पुसलीस?” मी विचारलं.

“विधवा म्हणून शोधतात लोक. जास्त खप आहे त्याला.” मग घाईने म्हणाला, “हेमा, स्टुडिओचं भाडं चार महिने याच फोटोवर निघालंय. आणि तुला खरं सांगू? मी आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो आहे हा.”

चांगला होताच. तेच तर दुखत होतं. अकरा वर्षांत माझ्या लग्नाचा, मुलीच्या बारशाचा, कशाचाही त्याने इतका मन लावून फोटो काढला नव्हता.

“मला विचारलं का नाहीस?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

त्याने फाइल उचलून कपाटात ठेवली.

“आणि मघाशी? शशीसमोर?”

“तो वकिलाकडे गेला असता. मी काय करणार होतो? तुला काय, तुझा भाऊ आहे, आज ना उद्या विसरेल. माझं नाव गेलं असतं सगळीकडे. कुणी बारशालासुद्धा बोलावलं नसतं मला.”

एवढं बोलून त्याने, खरंच सांगते, मला विचारलं, जेवायला काय आहे म्हणून. मी त्याला वाढलं. का वाढलं ते मला आजही सांगता येत नाही. मुलगी चौथीत होती, तिला भूक लागली होती, तिच्याबरोबर त्याचंही ताट घेतलं गेलं. त्या रात्रीपासून मी मुलीच्या खोलीत झोपायला लागले, ती आजतागायत. फोटो त्याने दुसऱ्या दिवशी काढून टाकला. पण ज्यांनी विकत घेतला त्यांच्याकडे तो राहतोच. नंतर एकदा तो मला दवाखान्यात दिसला, निराशेच्या गोळ्यांच्या पत्रकावर. समोर बसलेली बाई त्याच्याकडे बघून चुकचुकत होती.

शशीला मी तीन पत्रं लिहिली. सगळं लिहिलं, एकेचाळीस फोटोंसकट. उत्तर आलं नाही. आईला फोन लावला की पलीकडून कुणीतरी उचलून ठेवून द्यायचं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी तरीही मी गेले. एकटीच, सकाळच्या एसटीने. म्हटलं, आईला समोरासमोर सांगेन. शशी कागद बघतो, आई माझं तोंड बघेल आणि तिला कळेल. आईला कळतं.

दार उघडंच होतं. सोप्यात आई एकटी बसून तांदूळ निवडत होती. एका वर्षात केवढी वाळली होती! मी उंबऱ्यात थांबले. माझ्या हातात काही नव्हतं. पिशवी नाही की पर्स नाही, परतीचे पैसे रुमालात बांधून कमरेला खोचले होते. मोबाईलसुद्धा मुद्दाम घरी ठेवला होता, कॅमेरा असतो ना त्यात.

चाहूल लागली तशी आईने मान वर केली. मला बघितलं. आणि तांदळाचा हात तसाच वर नेऊन डोक्यावरचा पदर खाली ओढला, कपाळावरून, डोळ्यांवरून, पार हनुवटीपर्यंत, आणि दोन्ही हातांनी तो घट्ट धरून बसली.

“आई, मी आहे,” मी म्हणाले. “हेमा.”

“माहीत आहे,” आई पदराआडून म्हणाली.